पाण्याचा रकाना

श्रावणातल्या एका सकाळी परभणीहून वसमतकडे जाणाऱ्या रस्त्यावर हट्टा येथे उतरलो, तेव्हा आठवडी बाजार अजून भरायचा होता. रात्रभर पडून गेलेल्या पावसाने मैदानातली काळी माती पायांना धरून ठेवीत होती, आणि पन्नाशीच्या पुढची एक बाई आपल्या हातगाडीच्या एका चाकाखाली विटेचा तुकडा सरकवून गाडी समपातळीत आणण्याच्या खटपटीत होती. कारण गाडी कलती राहिली तर कढईतले तेल एका अंगाला जाते आणि घाण्यातली निम्मी भजी करपून निम्मी कच्ची राहतात. गाडी बसली अशी खात्री झाल्यावर तिने गॅसची टाकी, पामतेलाचा डबा, बेसनाची गोणी असे सामान एकामागून एक उतरविले, आणि सर्वांच्या शेवटी, दोन्ही हातांनी उचलून, जणू त्यात काही नाजूक जिन्नस असावा अशा जपणुकीने, वीस वीस लिटरचे दोन निळे कॅन गाडीच्या सावलीत ठेवले. त्या कॅनांकडे त्या वेळी माझे विशेष लक्ष गेले नाही. संध्याकाळी परत निघताना मात्र दुसरे काहीच डोळ्यांपुढून हलत नव्हते.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'रस्ता' हा विषय मुक्रर केला आणि रस्त्यावर शिजणाऱ्या अन्नाची तपासणी सरकार कशी करते, हे पाहून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. असा विषय निघाला की लेखणी आपोआप मुंबई-पुण्याकडे वळते. परंतु महाराष्ट्राचा फार मोठा भाग आपले बाहेरचे खाणे चौपाटीवर खात नाही, तो ते आठवडी बाजारात खातो. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा हे गाव त्या बाजारांपैकी एकाचे गाव. येथे पोलीस ठाणे आहे, पायऱ्या-पायऱ्यांनी खोल उतरत जाणारी जुनी बारव आहे, आणि आजूबाजूच्या खेड्यांतून हळद, सोयाबीन व कापूस पिकविणारी माणसे आठवड्यातून एकदा येथे उभ्या-उभ्या काही खाऊन घरी जातात. ज्यांच्या गाड्यांवर ती खातात त्यांचा बाजार रोज निराळ्या गावी असतो. आज हट्टा, उद्या जवळा बाजार, परवा कुरुंदा, श्रावणातल्या सोमवारी औंढा नागनाथ.

माझ्यासोबत एक निवृत्त अन्न निरीक्षक होते. जुन्या कायद्याखाली नोकरीस लागून नव्या कायद्याखाली ते सेवानिवृत्त झाले, मराठवाड्यातल्या अनेक तालुक्यांची धूळ त्यांनी या कामापायी तुडविली, आणि आपले नाव लेखात येऊ नये एवढी एकच अट त्यांनी घातली. "आता माझ्या हातात ना पावती-पुस्तक ना मोहोर," ते म्हणाले, "म्हणून आज लोक माझ्याशी खरं बोलतील."

दार नसलेले दुकान

अन्नात भेसळ करणे हा गुन्हा आहे ही कल्पना आपल्याकडे जुनी असली, तरी साऱ्या देशाला लागू असा स्वतंत्र कायदा १९५४ साली झाला आणि १ जून १९५५ पासून तो अंमलात आला. त्या वेळी हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याचा पिंड फौजदारी होता. पुढे दुरुस्त्यांनी तो अधिक कठोर झाला आणि भेसळ सिद्ध झाल्यास किमान सहा महिन्यांच्या कैदेपर्यंत मजल गेली. त्या काळातल्या निरीक्षकाच्या दिवसाची सुरुवात पहाटे, गावाच्या वेशीवर, सायकलीला किटल्या बांधून येणाऱ्या गवळ्याला थांबविण्याने होत असे. दूध ढवळून एकजीव करायचे, नमुना विकत घ्यायचा, तीन बाटल्यांत भरायचा, दर पंचवीस मिलिलिटरला फॉर्मॅलिनचे दोन थेंब घालायचे, लाखेची मोहोर उठवायची, आणि हे सारे होत असताना सही करायला पंच शोधायचा. पंच मिळत नसे. गवळी ओळखीचा, निरीक्षक परका, आणि कोर्टाची वारी कोणालाच नको असे. "किती दाखले मी करवंदीच्या जाळीआड उभं राहून लिहिलेत," निरीक्षकसाहेब म्हणाले, "आणि त्यातले किती खटले पंच फिरल्यानं पडले!"

आजचा कायदा, म्हणजे २००६ चा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, प्रत्यक्षात ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला, आणि त्याची वृत्ती पुष्कळ निराळी आहे. भेसळ पकडणे हे त्याचे एक काम. पण त्याहून मोठे काम म्हणजे अन्न विकणाऱ्या प्रत्येकाला नोंदीत आणणे. मोठ्यांना परवाना, लहानांना नुसती नोंदणी. फेरीवाला, हातगाडीवाला, जत्रेतला तात्पुरता दुकानदार यांचा कलम ३१ मध्ये स्पष्ट उल्लेख करून कायद्याने त्यांना परवान्याच्या जाचातून मोकळे केले, आणि २०११ च्या विनियमांनी वार्षिक उलाढाल बारा लाखांच्या आत असलेल्यांसाठी वर्षाला शंभर रुपये शुल्काची साधी नोंदणी ठरविली. अर्ज आल्यापासून सात दिवसांत नोंदणी द्यावी, कारण लिहून नाकारावी, किंवा तपासणीची सूचना द्यावी. तपासणी ठरली तर तीस दिवसांत निकाल लावावा. यातले काहीच झाले नाही तर अर्जदाराने खुशाल धंदा सुरू करावा. गरीब माणसाला दप्तराच्या दारात ताटकळत ठेवू नये ही सद्बुद्धी त्या तरतुदीत आहे आणि तिचे मोल मला कमी वाटत नाही. चौदा अंकी क्रमांकाचे प्रमाणपत्र मिळते, नोंदणीचा क्रमांक दोनने सुरू होतो, आणि नोंदणी झालेल्या जागेची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावी असाही नियम आहे.

'जागेची' हा शब्द येथे सारा पेच उभा करतो. दुकानाला दार असते. दारातून आत जाता येते, सुधारणेची नोटीस देता येते, पंधरा दिवसांनी परत येऊन पाहता येते. या बाईच्या गाडीला दार नाही, आणि पंधरा दिवसांनी ती ज्या बाजारात असेल तो बाजार कदाचित दुसऱ्या तालुक्यात असेल. जुन्या निरीक्षकाच्या जागी आलेल्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे बहुधा एकाहून अधिक तालुके असतात. त्या साऱ्या तालुक्यांत आठवड्याचे वार वाटले गेलेले, एका वारी अनेक गावांचे बाजार भरलेले; आणि माणूस एक. अधिकाऱ्याला ज्या दिवशी वेळ आहे त्या दिवशी गाडी नाही, गाडी आहे त्या दिवशी अधिकारी कोर्टाच्या तारखेला गेलेला.

नमुन्याचेही तसेच आहे. नव्या कायद्यात नमुन्याचे चार भाग करतात: एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, आणि विक्रेत्याने मागणी केल्यास चौथा त्याच्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे. नमुन्याची किंमत अधिकाऱ्याने बाजारभावाने मोजून द्यायची असते, हे मला फार सभ्य वाटले. विश्लेषकाचा अहवाल चौदा दिवसांत, त्यावर अपील तीस दिवसांत. तेलाचा बंद डबा किंवा मसाल्याचे पाकीट यांच्यासाठी ही रीत उत्तम आहे; चौदा दिवसांनीही त्यात काय होते ते सांगता येते. परंतु दुपारी दोन वाजता तळलेले मिरची-भजे आणि त्यावर वाढलेली हिरवी चटणी यांचे चार भाग करून दूरच्या शहरातल्या प्रयोगशाळेत धाडायचे, तर वाटेतच त्या चटणीत इतके काही घडून जाते की, बाजारातल्या चटणीबद्दल प्रयोगशाळेची चटणी फारसे सांगू शकत नाही.

जिलबीचा पिवळा

बाजार भरत आला. पलीकडे एका तरुणाने जिलबीचा घाणा काढला होता. कापडाच्या चोचीतून तेलात पडणारी वेटोळी फुलत होती आणि पाकातून निघताना त्यांच्या अंगावर एक उजळ, जवळजवळ झगझगीत पिवळा रंग चढत होता. निरीक्षकसाहेबांनी पाव किलो जिलबी घेतली, पैसे दिले, आणि चहाच्या टपरीवरून कोमट पाण्याचा पेला मागविला. जिलबीचा एक तुकडा त्यात कुस्करला, रुमालातून गाळला आणि खिशातल्या औषधाच्या लहान शिशीतून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब सोडले. जिलबीवाल्याचा झारा कढईवर तसाच थांबला होता.

पाणी पिवळेच राहिले.

"बरंय," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेला सुटकेचा भाव एखाद्या परीक्षकाचा नव्हता, घरच्या माणसाचा होता. पाणी किरमिजी झाले असते तर तो मेटॅनिल यलो असता: कापड व कातडे रंगविण्यासाठी तयार केलेला, अन्नात घालण्यास साफ मनाई असलेला, आणि स्वस्त असल्यामुळेच जिलबीत, डाळीत, लाडवांत आणि हळदीच्या पुडीत पुन:पुन्हा सापडणारा रंग. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या हळदीच्या शेतांतून वाट काढीत आम्ही सकाळी येथे आलो होतो, आणि त्याच मातीतल्या बाजारात पिवळ्या रंगाची खात्री करायला शिशीतले आम्ल लागावे, ही गोष्ट मला बराच वेळ टोचत राहिली.

जिलबीवाल्याला त्यांनी जवळ बोलावले. रंग कुठून आणतोस, असे विचारता त्याने किराणा दुकानातली एक कागदी पुडी काढून दाखविली. "ह्याच्यावर लिहिल्यालं बारीक हाय साहेब, मला काय वाचाय येईना. दुकानदारानं खायाचा हाय म्हून सांगितलं, म्हून घेतो." रंग खाण्याचाच होता. पण मान्य रंगालाही मर्यादा असते, आणि ती किलोमागे शंभर मिलिग्रॅम. म्हणजे दहा किलो जिलबीच्या साऱ्या पिठाला मिळून एक ग्रॅम. हा तरुण चिमटीने रंग घालतो, आणि दर घाण्याला 'जरा कमी दिसतोय' असे वाटून आणखी अर्धी चिमूट. त्याची कोणाला फसविण्याची इच्छा नाही. गिऱ्हाईक उजळ जिलबीकडे वळते हे त्याने पाहिले आहे, इतकेच. २०२४ च्या फेब्रुवारीत तामिळनाडूने आणि मार्चमध्ये कर्नाटकाने 'म्हातारीचे केस' या मुलांच्या गुलाबी मिठाईतील ऱ्होडामाइन-बी या रंगावरून कारवाई केली, तेव्हा ती विकणारे बहुतेक जण असेच पुडीवर विश्वास ठेवणारे असणार. साहेबांनी त्याला चहाचा चमचा मागायला लावला, त्याच्या टोकावर किती रंग म्हणजे पुरे ते दाखविले, आणि म्हणाले, "लेकरा, रंग नसंल तरी जिलबी गोडच लागते की."

भजे निर्दोष, चटणी संशयित

भज्यांच्या गाडीशी आम्ही परतलो तेव्हा चांगलीच गर्दी होती, आणि साहेबांनी मला शिकविले ते असे की, गाडीकडे पाहताना प्रथम कढईकडे पाहू नये. कढईतले तेल पावणेदोनशे अंशांच्या आसपास तापलेले असते आणि त्यातून नुकत्याच निघालेल्या भज्यात रोगजंतू जिवंत राहण्याची शक्यता फार थोडी. गरम-गरम खाल्ले तर ते साऱ्या बाजारातले सर्वांत निर्धोक अन्न होय. धोका त्याच्या सोबतीला येतो. चिरून ठेवलेला कांदा, पाण्यात वाटलेली कोथिंबिरीची चटणी, आणि ज्या बशीत भजी वाढतात ती बशी, यांना अग्नीचा स्पर्शच होत नाही. अन्न पाच ते साठ अंशांच्या मधल्या उबेत तासन्‌तास राहिले की त्यातले जंतू झपाट्याने वाढतात, आणि श्रावणातल्या दुपारी हट्ट्याच्या मैदानात ठेवलेले चटणीचे पातेले बरोबर त्याच उबेत दिवसभर असते.

कढईचा दोष निराळ्या जातीचा, सावकाश भिनणारा. तेच तेल पुन:पुन्हा तापविले की त्याचे विघटन होऊन जी ध्रुवीय संयुगे साचतात, त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. ते मोजण्याचे यंत्र अधिकाऱ्याकडे असेल तर असते. यंत्राविना साहेब तेल असे ओळखतात: झारा उचलल्यावर धार तुटते की तार धरते, तळण घालण्याआधीच धूर निघतो काय, आणि फेस कडेला बसतो की कढईभर पसरतो. बाईचे तेल दुपारपर्यंत ठीक होते. उरलेल्याचे काय करता, असे विचारले तेव्हा तिने झाकणाचा जुना डबा दाखविला; उद्याच्या बाजाराला त्यातच नवे घालायचे. तेल मलेशिया किंवा इंडोनेशियातून समुद्र ओलांडून येते, त्याचा भाव तिकडच्या बातम्यांनी चढतो, आणि चढलेल्या भावाचा भार अखेर या डब्याच्या तळाशी उरलेल्या काळ्या तेलावर येऊन पडतो. ती ते फेकून देईल अशी अपेक्षा करणे सोपे आहे. दिवसाच्या नफ्याचा केवढा भाग त्या डब्यात आहे ते मात्र तिलाच ठाऊक.

भजी ती वर्तमानपत्रात देत नव्हती. छपाईच्या शाईमुळे वर्तमानपत्रात अन्न बांधण्यास २०१८ च्या वेष्टनविषयक विनियमांनी मनाई केली आहे, आणि हा नियम कसा कोण जाणे तिच्यापर्यंत पोचला होता. तिच्याकडे स्टीलच्या बशा होत्या. कायद्याच्या दृष्टीने ती एक पायरी वर चढली होती. पण बशी धुवावी लागते. गाडीच्या मागे एक प्लास्टिकची बादली होती. उष्टी बशी त्या बादलीत बुचकळायची, हाताने एकदा फिरवायची, फडक्याने पुसायची आणि पुढच्या माणसासमोर ठेवायची. मी घड्याळ लावून एक तास मोजले. एकेचाळीस बशा त्या बादलीतून निघाल्या आणि पाणी एकदाही बदलले गेले नाही. सुरुवातीला तळ दिसत होता; नंतर वर तेलाचा तवंग आला, मग कांद्याच्या पाती तरंगू लागल्या.

साहेबांनी एक शब्दही बोलून दाखविला नाही. त्यांनी फक्त विचारले, "मावशी, पाणी कुठून आणता?"

"तिकडल्या हाटेलवाल्याच्या बोरचं, साहेब. धा रुपये कॅन घेतो त्यो. हापशावर लई गर्दी असती, अन् गाडी सोडून कशी जाऊ? एक कॅन पिठाला अन् प्यायला, एक धुवायला. तिसरा आनला तर धा रुपये अजून, अन् वाहायचा कोनी?"

पाणी विकत आणणारी बाई पाणी बदलणार नाही, एवढी साधी गोष्ट समजायला मला पन्नास मैलांचा प्रवास करावा लागला. विनियमांच्या चौथ्या अनुसूचीत लहान विक्रेत्यांसाठी दिलेल्या अटी मी आधी वाचल्या होत्या: पाणी पिण्यायोग्य असावे, गाडीचा पृष्ठभाग जमिनीपासून साठ-सत्तर सेंटिमीटर उंच व सहज धुता येईल असा असावा, कचरापेटीला झाकण असावे. एकही अट अवाजवी नाही. पण त्यातली निम्मी पूर्तता गाडीवाल्याच्या हाती आहे. उरलेली निम्मी, पाण्याची, त्याच्या हातीच नाही.

विखुरलेला आजार

वाचक विचारील की, बादली इतकी वाईट असेल तर माणसे आजारी कशी पडत नाहीत? ती पडतात, दिसत नाहीत. ६ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडी येथे धार्मिक कार्यक्रमात भगर आणि आमटी खाऊन सुमारे दोन हजार माणसांना विषबाधा झाली, तेव्हा साऱ्या राज्याला ते कळले, पथके धावली, नमुने गेले. कारण सर्वांनी एका पंगतीत खाल्ले आणि सर्व एकाच रात्री दवाखान्याच्या रस्त्याला लागले. आठवडी बाजाराची रचना याच्या नेमकी उलट आहे. येथे खाणारी माणसे वीस खेड्यांतून येतात आणि संध्याकाळी वीस खेड्यांत परत जातात. ज्याला दुसऱ्या दिवशी हगवण लागते तो आपल्या गावातला एकटाच असतो, पावसाळ्यात हगवण लागतेच असे त्याच्यासकट सर्वांना वाटते, आणि ज्या डॉक्टरकडे तो जातो त्याला शेजारच्या गावातल्या दुसऱ्या रोग्याची वार्ता नसते. एकाच बादलीतून निघालेला आजार वीस ठिकाणी एकेकटा होऊन मुरून जातो. उद्रेकाचा दाखला मिळत नाही, आणि दाखल्याविना कोणतेही दप्तर हलत नाही.

दप्तर हललेच, तर ते कोणीकडे हलते हेही पाहावे. नेपाळमध्ये २०२२ च्या जूनमध्ये काठमांडूलगतच्या ललितपूर महानगराने पटकीचे रुग्ण आढळल्यावर पाणीपुरीची विक्रीच बंद केली होती. संशय पुरीवर नव्हता, पाण्यावर होता. पण पाणी बंद करता येत नाही, विक्रेता बंद करता येतो. सिंगापूरने दुसरा मार्ग धरला. तेथे १९६८-६९ मध्ये रस्त्यावरच्या विक्रेत्यांची नोंदणी झाली, आणि नंतर सुमारे पंधरा वर्षे खपून सरकारने नळ, गटार आणि छप्पर असलेली मंडईवजा केंद्रे बांधून १९८६ पर्यंत त्या सर्वांना तेथे बसविले. तपासणीची श्रेणीपत्रके पुढे आली, १९९७ मध्ये. आधी नळ आला. ते शहर श्रीमंत, आपण नाही, हा आक्षेप मी ऐकला आहे. परंतु हट्ट्याच्या मैदानाला एक तोटीची नळपट्टी आणि एक झाकलेली नाली एवढ्यासाठी सिंगापूरइतके श्रीमंत असावे लागत नाही.

तहबाजारी

दुपारी एक माणूस पावत्यांचे पुस्तक घेऊन आला आणि ओळीने पैसे गोळा करीत गेला. भज्यांच्या बाईने न बोलता पैसे काढून दिले. या वसुलीला मराठवाड्यात अजून निजामी अमदानीतला शब्द आहे: तहबाजारी. तह म्हणजे तळ. बाजाराच्या तळाचा, ज्या भुईवर तू बसलास तिचा मोबदला. आज या वसुलीचा आधार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात आहे. बाजार व आठवडे बाजार यांवर फी घेण्याचा अधिकार पंचायतीला आहे, आणि बहुतेक पंचायती तो वर्षाच्या बोलीने लिलावात देतात. ज्याने बोली धरली तो वसुली करतो. मैदान झाडणे, पाणी पुरविणे हे त्याच्या करारात असेलच असे नाही, असले तरी कोणी विचारीत नाही. शहरात फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्याखाली नगर पथविक्रेता समित्या आहेत. गावच्या बाजारात बसणाऱ्याला त्या कायद्याची सावली मिळत नाही.

येथे मला जे म्हणावयाचे आहे ते स्पष्ट म्हणतो. ज्या भुईचे पैसे घेतले जातात त्या भुईची तपासणी गाडीच्या आधी झाली पाहिजे. जो तहबाजारी घेतो, तो पाणी देणे लागतो. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने बाजारात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न पंचायतीला विचारावा, दुसरा गाडीवाल्याला. आज दोन्ही प्रश्न गाडीवाल्यालाच विचारले जातात आणि दंडही त्याच्याच नावे निघतो. अस्वच्छ परिस्थितीत अन्न तयार केल्याबद्दल कायद्यात एक लाखापर्यंतची शास्ती आहे. गरिबाच्या बाबतीत तडजोडीची वाट कायद्याने ठेवली आहे, हे खरे. पण तडजोडीने बादलीतले पाणी बदलत नाही.

आणि पाण्याचे ज्ञान सरकारकडे नाही असेही नव्हे. आरोग्य विभाग महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींच्या पाण्याच्या स्रोतांचे वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, स्वच्छता सर्वेक्षण करतो आणि जोखमीप्रमाणे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. गावात जलसुरक्षक नेमलेला असतो. पाण्यात टीसीएल ही क्लोरीनची पावडर टाकणे आणि त्या क्लोरीनची ओटी चाचणी करणे हे त्याचे काम. नळाचे पाणी परीक्षानळीत घेऊन औषधाचे थेंब टाकायचे; पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, रंगहीन राहिले तर नाही. सकाळी जिलबीच्या पेल्यात जो पिवळा आम्हाला पारखावा लागला, तोच पिवळा या नळीत सुरक्षिततेचा दाखला असतो. पण ही चाचणी नळाच्या तोंडाशी होते. हॉटेलच्या बोरमधून कॅनात, कॅनातून बादलीत आणि बादलीतून बशीवर गेलेल्या पाण्यापर्यंत ती येत नाही. पाण्याचे कार्ड एका दप्तरात, गाडीची नोंदणी दुसऱ्या दप्तरात, तहबाजारीची बोली तिसऱ्यात. तिन्ही कागद एकाच मैदानाविषयी आहेत.

अर्ज

चारच्या सुमारास पावसाची एक सर आली आणि गिऱ्हाईक पांगले. साहेबांनी पिशवीतून नोंदणी-अर्जाचा जुना छापील नमुना काढला. आता हे सारे ऑनलाइन होते; पण आधी कच्चे लिहून दिले की सेवा केंद्रातला मुलगा बिनचूक भरतो, असा त्यांचा अनुभव. गाडीच्या छत्रीखाली, तेलाच्या डब्यावर कागद ठेवून त्यांनी बाईला एकेक रकाना विचारायला सुरुवात केली.

नाव. ओळखीचा पुरावा, आधार कार्ड पदराच्या गाठीतून निघाले, दुमडून दुमडून मधोमध पांढरे पडलेले. व्यवसायाचे क्षेत्र; त्यांनी तिच्या साऱ्या बाजारांची नावे लिहिली. पदार्थ: भजी, वडे, चटणी. 'चटणी' त्यांनी स्वतःहून लिहिली, तिने सांगितली नव्हती. वार्षिक उलाढाल तिला सांगता येईना, तेव्हा एका बाजारात किती पीठ लागते तिथपासून दोघांनी मिळून हिशोब केला, लग्नसराईतले आणि पावसातले आठवडे वेगळे धरले, आणि एक आकडा ठरला, तो ऐकून तिला स्वतःचेच आश्चर्य वाटले, "येवढं होतं व्हय?" म्हणाली, आणि मग लगेच तेलाचा, गॅसचा, तहबाजारीचा आणि टेम्पोच्या भाड्याचा खर्च बोटांवर मोजू लागली.

पुढचा रकाना पाण्याचा होता. पाणीपुरवठ्याचा स्रोत: सार्वजनिक, खाजगी, की इतर.

"मावशी, काय लिहू?"

तिने कॅनांकडे पाहिले. धुण्याच्या पाण्याचा कॅन आडवा पडला होता. "बोर त्याचं, पैसे माझे. मैदान पंचायतीचं." ती जरा थांबली. "तुमीच सांगा साहेब, ह्याला काय म्हनत्यात."

साहेब बराच वेळ पेन धरून बसले. मग त्यांनी तो रकाना कोरा ठेवून पुढचा, विजेचा, भरला: वापर नाही. सर थांबली होती. दोन शाळकरी मुले गाडीशी येऊन उभी राहिली. बाईने कढईखालची ज्योत वाढविली, पिण्याच्या कॅनमधले उरलेले पाणी तांब्यात ओतून घेतले, आणि त्यातले ओंजळभर, फक्त ओंजळभर, दोन बशांवर ओतून त्या पदराने पुसल्या.